प्लगवरचा तपकिरी डाग आणि तिसऱ्यांदा भरलेला गॅस

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून महत्त्वाचा भाग तेवढा इथे देतो.

“काका, नमस्कार. आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, खाली दोन खोल्या आणि वर माडी. मागच्या वर्षी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, यांना उकाड्यात ठेवू नका. नणंदेनं पुण्यातला फ्लॅट बदलताना तिचा दीड टनाचा स्प्लिट एसी आम्हाला दिला होता, तो माडीवरच्या दहा बाय अकराच्या खोलीत आहे. प्लग पॉइंट लांब होता म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावला, तो अजून तसाच आहे. दोन वर्षांत तीनदा गॅस भरून झाला. यंदा एमसीबी सारखा पडायचा म्हणून ओळखीच्या मुलाकडून मोठा बसवून घेतला. आता आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळतंय. प्लगच्या एका पिनेजवळ तपकिरी डाग पडलाय आणि रात्री कधी कधी सुकट भाजल्यासारखा वास येतो. आमच्या घरी तर मासे शिजतही नाहीत. दुपारी सासऱ्यांजवळ माझा आठ महिन्यांचा मुलगा झोपतो. संध्याकाळी सासूबाई डासांची अगरबत्ती लावून खोली बंद करतात. एसीचा स्फोट झाल्याच्या बातम्या वाचल्यापासून मला झोप लागत नाही. मिस्टर म्हणतात, दोन वर्षं चाललंय, काही होत नाही. एसी काढून टाकावा का?”

ताई, काढायचा की ठेवायचा ते नंतर बघू. आधी हे वाचणं थांबवा आणि मेन बोर्डापाशी जा. माडीच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, बंद करा. नुसता रिमोटनं एसी बंद करून चालणार नाही, त्यानं प्लगपर्यंतचा करंट तसाच राहतो. एमसीबी बंद केल्यावर प्लग थोडा निवू द्या, मग वायर न ओढता प्लगचं बूड धरून तो बाहेर काढा. तो पॉइंट आणि ती लाइन नीट होईपर्यंत एसी लावायचा नाही. आजची रात्रसुद्धा नाही.

सासऱ्यांची सोय काय, हा प्रश्न लगेच मनात येईल. त्यांचा बिछाना चार दिवस खालच्या खोलीत आणा. पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती आणि वर माडी असल्यामुळे खालची खोली दुपारीही गार राहते, तापते ती कौलाखालची किंवा पत्र्याखालची माडी. शिवाय कोल्हापूर म्हणजे नागपूर नव्हे. इथं दुपार कितीही भाजली तरी रात्री अकरानंतर खिडकीतून वारं येतं आणि वळीव पडला तर पांघरूण घ्यावं लागतं. टेबल फॅन, खिडकीला ओला पडदा, पाणी वेळेवर, एवढ्यावर चार दिवस निघतील. त्यांना घाम फुटणं, धाप लागणं, छातीत जड वाटणं असं काही झालं तर मात्र पंख्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

आता तो वास. तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि ती तुम्ही पाण्याच्या तक्रारीनंतर लिहिलीत. प्लग, सॉकेट, स्विच ज्या प्लास्टिकचे आणि बॅकेलाइटचे असतात ते तापून जळायला लागले की बऱ्याचदा मासळीसारखा वास येतो. घरात मासे नसताना असा वास आला तर स्वयंपाकघरात शोधत बसायचं नाही, बोर्डाकडे जायचं. मी तीस वर्षं एसी आणि फ्रिजच्या दुरुस्तीत काढली. तरी आमच्याच घरात पाण्याच्या मोटारीच्या सॉकेटला असा वास यायला लागला तेव्हा दोन दिवस आम्ही सगळे कपाटामागं मेलेली पाल शोधत होतो. तिसऱ्या दिवशी मी सॉकेट उघडलं. मागच्या बाजूनं प्लास्टिक कोळशासारखं झालेलं, बोट लावलं की भुगा पडत होता. पितळेची एक क्लिप निळसर झाली होती आणि तिच्यातली तार स्क्रूमध्ये सैल हलत होती. पुढून बघितलं तर नुसता नखाएवढा तपकिरी डाग होता. तुमच्या प्लगला आहे, तसाच.

तो डाग पडतो कशानं? दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर करंट ओढतो, जुना असेल तर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. इस्त्री आणि मिक्सरही बऱ्यापैकी करंट घेतात, पण ते थोडा वेळ. एसी रात्रभर चालतो. पिन आणि क्लिप जिथं घट्ट बसत नाहीत तिथं करंटला अडथळा होतो आणि तिथंच उष्णता तयार होते. करंट दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तापलं की क्लिपमधला ताण जातो, ती आणखी सैल होते, मग आणखी तापते. म्हणून तुमच्या मिस्टरांना सांगा की दोन वर्षं चाललं याचा अर्थ दोन वर्षं ती क्लिप रोज थोडी थोडी मऊ होत गेली. पहिल्या वर्षी ती आजच्याएवढी वाईट नव्हती. त्यांना घाबरवायला मी हे लिहीत नाही, पण “काही होत नाही” हे वाक्य मी जळलेल्या खोल्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून ऐकलेलं आहे, आणि त्या घरांत काल रात्रीपर्यंत खरोखरच काही झालेलं नव्हतं.

एक्स्टेन्शन बोर्ड तर आजच बाजूला करा. बाजारातल्या साध्या बोर्डाची वायर मोबाईल, टीव्ही, टेबल फॅन यांच्यासाठी असते. ती एसीच्या भारानं, गादीमागं गुंडाळलेली, रात्रभर तापते. एसीला कुठलाही एक्स्टेन्शन बोर्ड नको. महागातलाही नको.

याहून वाईट गोष्ट म्हणजे तो बदललेला एमसीबी. त्या मुलानं चांगल्या मनानं केलं असेल, पण एमसीबी एसीची राखण करत नाही, तो भिंतीतल्या वायरची राखण करतो. वायरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की तो पडतो. सारखा पडत होता म्हणजे तो तुम्हाला काहीतरी सांगत होता. मोठा बसवला म्हणजे सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. आता वायर तापून तिचं वेष्टण वितळलं तरी तो पडायचा नाही. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार घालायचे, त्याचाच हा नवा अवतार. जुन्या पेठांतल्या घरांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग असते आणि तिच्या शेजारी वाळकी तुळई, छताच्या फळ्या. माडीवर तुमच्याकडे तसं असेल तर एमसीबीचा हा बदल मला झोप लागू देणार नाही.

वायरमन बोलवाल तेव्हा परवानाधारक बोलवा आणि त्याला हे सांगा: मेन बोर्डापासून एसीसाठी स्वतंत्र लाइन, चार एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठं जोड नको. तिला स्वतःचा एमसीबी, दीड टनाला बहुतेक सी टाइपचा वीस अँपिअरचा बसवतात. शेवटी साधं सॉकेट न लावता पत्र्याचा एसी बॉक्स. तो बॉक्स पाणी ओघळतं त्या भिंतीवर नको. बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही याच वेळी बसवून घ्या. कुणाला शॉक लागला किंवा करंट कुठं गळायला लागला तर तोच डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. एमसीबीचं ते काम नाही. अर्थिंग मात्र वायरमनच्या तोंडी भरवशावर सोडू नका. तिसऱ्या पिनेला हिरवी वायर दिसणं वेगळं आणि ती जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत पोचलेली असणं वेगळं. जुन्या घरांत ती वायर अर्ध्यात कुठंतरी संपलेली मी कितीदा पाहिली आहे. मोजून दाखव म्हणा. काम झाल्यावर महावितरणकडे मंजूर भार किती आहे तेही बघून घ्या, जुन्या घरांचा तो एसीच्या आधीच्या काळातला असतो आणि वाढवून घ्यायला अर्ज करावा लागतो.

नवी लाइन आल्यावर पहिल्या आठवड्यात एक सवय लावा. एसी अर्धा तास चालला की बंद करा, आणि प्लगच्या बुडाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर परत वायरमन.

आता गॅसकडे येतो, कारण इथं तुमचे पैसे गेलेत आणि कदाचित उरलेला धोकाही इथंच आहे.

“गॅस संपला” हे वाक्य दर उन्हाळ्यात घरोघर ऐकू येतं. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. बाहेरच्या युनिटमध्ये दाबला जातो, तिथं उष्णता सोडतो, आत येऊन खोलीतली उष्णता उचलतो, पुन्हा बाहेर जातो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये हेच चाललेलं असतं. त्यात दरवर्षी कोणी गॅस भरतं का? मग एसीत तीनदा का भरावा लागला? कारण नळीला कुठंतरी गळती आहे आणि ती तीनपैकी एकदाही शोधली गेली नाही. फुटक्या घागरीत पाणी ओतत राहिलो आपण.

तुमच्या बाबतीत संशय घ्यायची पहिली जागा सांगतो. एसी पुण्याहून काढून आणलाय. काढताना आणि बसवताना नळ्यांची टोकं पसरवून पितळी नटांत आवळतात, त्याला फ्लेअर म्हणतात. ते टोक वाकडं कापलं किंवा नट कमी-जास्त आवळला की तिथून गॅस सुटतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे बाहेरच्या युनिटमध्ये गॅस दाबणाऱ्या पंपाचं, थोडं तेलही झिरपतं. म्हणून बाहेरच्या युनिटच्या बाजूला जिथं दोन नळ्या लागतात तिथं टॉर्च मारून बघा. बाकी ठिकाणी कोरडी धूळ असेल आणि एखाद्या नटाखाली काळी तेलकट माती चिकटलेली असेल तर मेकॅनिकला आधी तोच नट दाखवा. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, आणि माडीच्या सज्जावर वाकून तर मुळीच नाही.

चांगला मेकॅनिक काय करतो ते लक्षात ठेवा. तो नळ्यांत नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघतो आणि जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतो. गळती बंद करतो. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढतो, त्याला वेळ लागतो, पाच मिनिटांत होत नाही. शेवटी गॅसचा डबा वजनकाट्यावर ठेवून बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस मोजून घालतो. जो येतो, पाइप लावतो, घड्याळासारखा गेज बघून “झालं” म्हणतो आणि पैसे घेतो, त्याला चौथ्यांदा बोलवू नका.

त्या पाटीवर गॅसचं नावही असतं. आर-२२ असेल तर मशीन जुनं आहे, तो गॅस ओझोनच्या थराला बाधतो म्हणून जगभर हटवला जातोय. आर-४१०ए पेट घेत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, तो चांगलाच पेटतो. पाटीवर जो लिहिलाय तोच भरायचा. “हा नाही मिळत, दुसरा घालतो, काम तेच” असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एका गॅससाठी बनवलेल्या मशीनमध्ये दुसरा गॅस, त्यातही प्रोपेन, हा प्रयोग आठ महिन्यांच्या बाळाच्या खोलीत नको.

दुरुस्तीच्या दिवशी सासरे आणि बाळ त्या मजल्यावर नकोत. खिडक्या-दारं उघडी, देवघर जवळ असेल तर समई-निरांजन शांत, आणि मेकॅनिकच्या तोंडात विडी-सिगारेट नाही. नळीत गॅस शिल्लक असताना तिच्यावर वेल्डिंगची ज्योत मारली तर डोळ्या-घशाला झोंबणारा विषारी धूर होतो, म्हणून आधी गॅस काढायचा, मग ज्योत.

आणि आता तुमची झोप उडवणारा प्रश्न, एसी फुटतो का. रात्री शांतपणे चाललेला, नीट बसवलेला एसी आपणहून बॉम्बसारखा उडत नाही. फुटतो तो बहुतेक चुकीच्या हाताखाली. गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरला तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडून भयंकर स्फोट होतो. वेल्डिंगवाल्याकडं ऑक्सिजनचा सिलिंडर असतोच, नायट्रोजनचा आणलेला नसतो, तिथं ही चूक होते. दुसरी वेळ मशीन काढतानाची. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेताना कॉम्प्रेसर चालू असतो. तो चालू असतानाच घाईनं नळी सोडली, किंवा नळीला गळती असली, तर कॉम्प्रेसर हवा ओढतो, हवा आणि तेल दाबाखाली तापतात आणि युनिट फुटतं. तुमच्या एसीला गळती आहे हे आता आपल्याला माहीत आहे, म्हणून तो पुन्हा हलवायचा झाला तर मेकॅनिकला ही गोष्ट आधी सांगायलाच हवी. तो बाहेर काम करत असताना घरातल्या कोणी “कुठवर आलं” म्हणत शेजारी जाऊन उभं राहायचं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आग आधी प्लगला किंवा वायरला लागते, ती मशीनपर्यंत जाते, मग नळ्या फुटतात आणि गल्लीला स्फोटच ऐकू येतो. तुमच्या घरात मला भीती या तिसऱ्याची वाटते, आणि ती बंद करणं सगळ्यात सोपं आहे.

पाण्याचं थोडक्यात. एसीतून पाणी निघणं हा दोष नाही, हवेतली ओल काढणं हे त्याचं मूळ कामच आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी पहिलं असं यंत्र ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलं, कारण दमट हवेत कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते. माणसांना गार करणं हे नंतर आलं. दोष आहे तो पाणी चुकीच्या वाटेनं येण्यात. बारीक निचऱ्याच्या पाइपमध्ये धूळ आणि शेवाळ मिळून बुळबुळीत बोळा बसतो, किंवा युनिट उलट्या बाजूला कललेलं असतं, किंवा पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. आणखी एक कारण तुम्हाला लागू पडेलसं वाटतं. गॅस कमी झाला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, एसी बंद केला की तो वितळून भिंतीवर येतो. पुढचं झाकण उचलल्यावर पांढरा बर्फ दिसला तर पाण्याची आणि गॅसची तक्रार एकच आहे, दोन मेकॅनिक नकोत.

बर्फ फिल्टर तुंबल्यावरही धरतो, आणि फिल्टर धुणं हे घरच्या माणसाचं काम आहे. एमसीबी बंद करा, पुढचं झाकण दोन्ही कडांनी वर उचला. आत दोन जाळ्या दिसतील, किंचित वर ढकलून खाली ओढल्या की निघतात. त्यांच्यावर जुन्या वाकळेतून निघतो तसा करडा थर असेल. धूळ बसलीय त्याच्या उलट्या बाजूनं नळाचं पाणी सोडा म्हणजे थर सुटून पडेल, पुढून सोडलं तर तो जाळीत आणखी रुतेल. हट्टी भागाला जुना टूथब्रश आणि थोडा साबण. वाळवायचं सावलीत, उन्हात जाळीची चौकट वाकते. पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करा, आणि साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात तुमच्या अंगणात काळी काजळी पडत असेल तर त्या दिवसांतही बघत जा. जाळीमागच्या पत्र्याच्या पात्यांना हात लावू नका, ब्लेडसारख्या कापतात. पाण्याच्या फवाऱ्यानं धुण्याचं कामही मेकॅनिककडेच राहू द्या, त्याला सर्किटवर प्लास्टिक बांधायचं असतं. वर्षाची सर्व्हिस फेब्रुवारीत उरकून घ्या, एप्रिलमध्ये सगळ्यांनाच घाई असते.

बंद खोलीतली डासांची अगरबत्ती आजपासून बंद. सासूबाईंना नीट समजावून सांगा, त्या नातवाच्या काळजीपोटीच लावतात. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. म्हणजे त्या अगरबत्तीचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, सगळं त्याच हवेत राहतं आणि ती हवा एका बाजूला बाळ घेतं, दुसऱ्या बाजूला नुकत्याच सावरलेल्या हृदयाचे आजोबा. धूप, उदबत्ती, कापूर यांनाही हेच लागू. बाळाला बाळंतविड्यातली मच्छरदाणी असेलच. आजोबांनाही मच्छरदाणी. दुपारी-संध्याकाळी एकदा दार-खिडकी दहा-पंधरा मिनिटं सताड उघडी ठेवून हवा बदलून घ्या.

एसी परत सुरू होईल तेव्हा तो सोळावर लावून गोधडीत झोपायचं नाही. सव्वीसवर ठेवा आणि पंखा मंद. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे एसी चालू केल्यावर आपोआप चोवीसवर येतील असे बनवणं बंधनकारक आहे, आणि तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. सोळावर लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, नुसता कॉम्प्रेसर थांबत नाही. हवेची पट्टी वरच्या दिशेला ठेवा, गार हवा आपली आपण खाली उतरते. बाळाच्या हातापायांवरून थंडीचा अंदाज घेऊ नका, ते गारच लागतात. छातीला किंवा मानेमागं हात लावून बघा. सासऱ्यांना नेमकं किती तापमान मानवेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तिथं माझा सल्ला दुय्यम.

वळिवाचं आभाळ भरून आलं, विजा कडकडायला लागल्या की एसी बंद करून प्लग काढायचा. बोर्डवरच्या नुसत्या बटणावर भागवायचं नाही. पावसाळ्यात वापर नसेल तर बाहेरच्या युनिटला प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडते आणि उंदीर वायर कुरतडतात. त्याचे लोखंडी ब्रॅकेट आणि बोल्ट गंजलेत का ते मेकॅनिकला दाखवा. सज्जाखालच्या बोळातून मुलं खेळत जात असतील. हे सदर शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळीकडचेही लोक वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी: पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की तळमजल्यावरच्या एसीचा एमसीबी बंद करून ठेवा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. युनिट पुरात बुडालं असेल तर ते बाहेरून कितीही वाळलेलं दिसलं तरी मेकॅनिकनं उघडून तपासल्याशिवाय चालू करायचं नाही.

आता ठेवायचा की काढायचा. गळती नटाशी निघाली तर दुरुस्त करा आणि वापरा, मशीन चांगलं आहे. गळती आतल्या कॉइलला बारीक छिद्रांतून असेल आणि एसी आठ-दहा वर्षं जुना असेल तर त्यावर खर्च करू नका, असं कॉइल आज इथं तर उद्या तिथं गळतं. मग नवा घ्या, पण एक टनाचा. दहा बाय अकराच्या खोलीला दीड टन जास्त होतो. तो झटकन गार करून थांबतो, तोवर हवेतली ओल पुरती निघालेली नसते, म्हणून खोली गार असूनही अंग चिकट राहतं. आणि नवा घेणार असाल तर तो माडीवर बसवू नका, खालच्या खोलीत बसवा. खाली उष्णता कमी, मेन बोर्ड जवळ म्हणजे वायर छोटी. त्याहून मोठं कारण जिना आहे. जुन्या घरांची माडी म्हणजे उतरायला एकच लाकडी, उभा जिना. रात्री काही पेटलं तर एका हातात बाळ धरून दुसऱ्या हातानं सासऱ्यांना त्या जिन्यावरून उतरवायचं, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा म्हणजे खर्चाचा हिशेब वेगळा दिसेल.

तशी वेळ येऊच नये, पण घरातल्या सगळ्यांना माहीत हवं: ठिणगी किंवा धूर दिसला तर आधी मेन स्विच बंद, माणसं बाहेर, १०१ ला फोन. विजेच्या आगीवर पाणी ओतायचं नाही. बोर्डापाशी जाता येत नसेल तर बोर्डाचा नाद सोडून आधी बाहेर पडा, खांबावरून लाइन तोडायला महावितरणचा १९१२ आहे. कुणाला शॉक लागून चिकटला असेल तर त्याला हातानं ओढू नका, मेन बंद करा किंवा कोरड्या काठीनं सोडवा, आणि १०८.

वायरमन येऊन गेला की तो जळका प्लग कचऱ्यात टाकू नका. स्क्रू काढून उघडा आणि आतली बाजू मिस्टरांच्या हातात द्या. मग नव्या बोर्डाचा एक फोटो मला पाठवा, अर्थिंगची वायर दिसेल असा.